शेळीला घातलेला पाला

भरे, ता. मुळशी
२१ नोव्हेंबर १९८३

रंभावन्सं,

भावजयीचा नमस्कार. घ्यायचा तर घ्या, न्हाईतर चुलीत घाला.

तुमचा दीर भिकू परवा ट्रकवरनं उतरला, अंगनात डालडाचे सहा डबे मांडले आनि निघाला. च्या टाकते म्हनले तर थांबला न्हाई. "वैनीनं दिल्यात, चिठ्ठी डब्यात हाय," एवढंच. मला वाटलं गूळ-बीळ असंल. बघते तर डब्यात माती आनि मातीत राख फासल्यासारखी झुडपं. अकरा वर्सांनी नणंदेनं माहेरी काय धाडलं, तर झुडपं.

चिठ्ठी वाचायला मला दोन दिवस लागले. मी तिसरीतनं उठलेली, तुमी चौथीतनं, आनि तुमचं अक्षर म्हंजे कोंबडी चालून गेल्यावानी. पन वाचली. कालव्याच्या पान्यानं तुमची जमीन फुगली, वर पांढरं मीठ फुललं, ऊस जळला, हे वाचून वाईट वाटलं. खोटं लिहीत न्हाई. मग सरकारी शेतावरच्या साहेबांनी ही परदेशी झाडं दिली आनि तुमी त्याला खारं झाड म्हनता, हे बी कळलं. पानी लागत न्हाई, उन्हाळ्यात हिरवं ऱ्हातं, शेळ्या आवडीनं खात्यात, अडीनडीला मानसं बी भाजी करत्यात, हे सगळं कळलं. तुमी लिवलंय, "हे झाड मीठ खातं. आमच्या रानातलं मीठ खाऊन खाऊन त्यानं दोन वर्सांत जमीन पुन्यांदा वळनावर आनली."

ते वाक्य मी चारदा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

आता एक इचारायचं हाय. आमची एक शेळी सुजलीया. पायापास्नं सुजत सुजत वर चाललीया. सकाळी डोळे उघडत न्हाईत एवढं तोंड फुगतं. डॉक्टरला दावली. तो म्हनाला, अंगात मीठ साठलंय, आत गाळायचं काम बिघडलंय, मिठाचा खडा बी द्यायचा न्हाई. तर हे झाड रानातलं मीठ खातं तसं अंगातलं बी खातं का? शेळीच्या म्हनते मी. तेवढं कळवा.

तुमचे भाऊ बरे हायेत. झाडं त्यांनीच लावली, परड्याच्या वरल्या अंगाला, उतारावर. हितं पाऊस किती ते तुमाला ठावं हाय, खाली लावली असती तर कुजली असती. लावताना मधीच बसले, दम खाल्ला. भात झोडायचं चाललंय, दमायला व्हतंय.

जुनं काढत न्हाई. तुमी बी काढू नका.

कृष्णाबाई


भरे
२९ जानेवारी १९८४

रंभावन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. "अगं शेळीच ना, पोटभर घाल. आमच्या शेळ्या त्याच्यावरच जगल्या. एकीला काय झालं न्हाई." बरं वाटलं वाचून. तुमी मला 'अगं' लिवलं, ते बी बघितलं.

सहातली चार झाडं धरली. एक बोकडानं खाल्लं, एक आपनच मेलं. बाकीची गुडघ्याएवढी झाल्यात. पन वन्सं, हितल्या पाल्याला काय चवच न्हाई. तुमी लिवलं व्हतं खारट लागतो. मी चावून बघितला, नुसता कडसर, घास घशाखाली उतरंना. मग माझ्याच डोस्क्यात आलं. ते बिचारं मीठ खानारं झाड, आनि हितल्या तांबड्या मातीत मीठ कुटलं? पाऊस धुऊन नेतो सगळं. उपाशी ऱ्हायलं असंल. आमच्या घरात मीठ नुसतं पडून हाय, बरनी भरून. म्हनून मी रोज सांच्याला एक मूठ खडेमीठ तांब्यात इरगळवून बुडाशी घालते. पंधरा-वीस दिवसांत पाल्याला चव आली. पानावर बारीक पीठ सांडल्यावानी दिसतं आता. तुमच्याकडं तसंच असतं ना?

शेळी पाला खातीया. मी उकडून, लसनाची फोडनी देऊन घालते. हसू नका, आजारी हाय. दोन महिने ती काय खातच नव्हती. आळनी आमटी, आळनी भात, भाकरीला बी मीठ न्हाई. ताट पुढं ढकलायची. म्हनायची, "हे खान्यापरीस माती खाईन." आता भाकरी संपवून वर मागती.

आठ दिसांमागं पहिल्यांदा तुमच्या भावाला बी वाढलं. पहिला घास घेतला आनि थांबले. मी म्हनले, "काय झालं? खडा लागला का?"

म्हनाले, "मीठ घातलंस?"

"शप्पत न्हाई. बरनीला हात लावला न्हाई. पाल्यालाच चव हाय."

"रंभाचा पाला हाय व्हय ह्यो?"

"दुसरा कुटला असनार?"

मग ताट पुसून खाल्लं. हात धुताना म्हनाले, "रंभा ल्हानपनी बी रानातनं काय-बाय आनून खायाला लावायची. एकदा तिच्या पायी माझं तोंड आठ दिस सुजलं व्हतं." आनि हसले. मी त्यांना हसताना गौरीगनपतीपास्नं बघितलं नव्हतं.

कारखान्याच्या गेटवरची नोकरी चालू हाय. आता सुट्टीवर हायेत. दमले व्हते म्हनून घेतली.

कृष्णाबाई


भरे
१८ मार्च १९८४

वन्सं,

नमस्कार-बिमस्कार लिहीत न्हाई. तुमी काय पाठवलंत?

शेळी कुटलीच न्हाई. तुमाला कळलं असंल, तुमी काय येड्या न्हाई. सुजलेत ते तुमचे भाऊ. त्यांनी मला शपथ घातली व्हती, रंभाला कळवायचं न्हाई, ती तिकडं जमिनीपायी आदीच खंगलीया. म्हनून शेळी केली. आता शपथ मोडते.

भादव्यापास्नं आजारी हायेत. किडन्या बिघडल्यात म्हनाला पौडचा डॉक्टर. गोळ्या आनि आळनी खानं, एवढ्यावर नीट व्हतील म्हनला व्हता, आनि डिसंबरात पाय उतरले बी व्हते, पायात वहान जात व्हती. मग तुमचा पाला सुरू केला. आता सूज मांडीच्या वर चढली. आडवं पडलं की दम लागतो, म्हनून भिंतीला टेकून बसत्यात. बसूनच झोपत्यात.

परवा पौडला नेलं. कंपाउंडरनं "गेणबा कोन?" म्हनून हाक मारली तर ह्यांना उठता येईना. दोघांनी धरून आत नेलं. डॉक्टरनं पाय दाबला, बोट आत गेलं, खळगा तसाच ऱ्हायला. माझ्याकडं बघून म्हनला, "बाई, मीठ देताय तुम्ही."

मी म्हनले, "न्हाई."

"चोरून खातायत मग."

"हितनं हालत न्हाईत, चोरतील कुटनं?"

"मग हे मीठ आलं कुठून?"

माझं डोकंच फिरलं. म्हनले, "माझ्या घरात चार महिने मी सोता मीठ खाल्लं न्हाई. ह्यांच्यापुढं बसून मीठ कसं खाऊ म्हनून मी बी आळनी खाते. आनि तुमी मला चोर म्हनता?" बाहेर बाकावरच्या बाया बघाय लागल्या. हे म्हनाले, "कृष्णे, गप." कधी नाव घेत न्हाईत माझं चारचौघांत. त्या दिवशी घेतलं.

आता तुमाला सरळ इचारते. त्या पाल्यात काय हाय? मी बरनीला हात लावलेला न्हाई. नवीन काय पोटात गेलं असंल तर तुमचा पालाच. परवापास्नं तो बंद केलाय. तुमच्या शेळ्यांना चालतो म्हनता, मग ह्यांना का न्हाई चालत? का बहात्तर सालचं मनात धरून पाठवलंत? त्या दुष्काळात तुमी तीन लेकरं घेऊन आला व्हता, मी बोलले, तुमी भर उन्हात निघून गेला. मला बोलायचं तर मला बोला. ते तुमचे भाऊ हायेत.

ह्ये सगळं लिवलंय ते फाडनार न्हाई. टाकते पेटीत.

कृष्णाबाई


भरे
६ मे १९८४

वन्सं,

तुमचं उत्तर न्हाई. बरोबर हाय. मी असते तर मी बी दिलं नसतं.

ह्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात ठेवलं व्हतं, अठरा दिस. तितं एक डॉक्टरीनबाई व्हती, तरनी, पन कुनावर आवाज चढवत न्हाई. तिनं मला बाजूला बसवलं आनि सकाळपास्नं सांजेपोतर ह्यांच्या पोटात काय काय जातं ते इचारलं. मी सगळं सांगितलं. पाल्याचं सांगितल्यावर म्हनली, "पुढच्या वेळी थोडा घेऊन या." मी दुसऱ्या दिवशी पदरात बांधून नेला. तिनं एक पान जिभेला लावलं. 

"मावशी, हे झाड मीठ खातं म्हणता ना. खाऊन ते मीठ कुठं ठेवतं?"

मी म्हनले, "मला काय ठावं? खाऊन टाकत असंल."

"पानात ठेवतं," ती म्हनली. "पान म्हणजे मिठाची पुडीच आहे."

वन्सं, मी तिसरीतनं उठले, पन एवढं कळायला साळा लागत न्हाई. मला कळायला पायजे व्हतं. जीभ मला बी हाय. खारट लागत व्हतं, ते मी सोता चाखत व्हते, आनि रोज म्हनत व्हते की बरनीला हात लावला न्हाई. बरनीतलंच मीठ मी त्याच्या बुडाशी घालत व्हते. मूठ मोजून. ते वर चढलं, पानात गेलं, मी उकडलं, ह्यांच्या ताटात वाढलं. दोन महिने. आनि मला वाटत व्हतं, रानाची सूज उतरवली तशी मानसाची उतरवंल.

तुमी काय चूक केली न्हाई. तुमी शेळीला पाठवलं, शेळीचं उत्तर दिलं. शेळी मी खोटी सांगितली. मी खरं लिवलं असतं, तुमचा भाऊ सुजलाय, मीठ बंद हाय, तर तुमी "घालू नकोस" असं लिवलं असतं का? असतं. तुमी त्या झाडाजवळ ऱ्हाता, तुमाला ठावं असनार. शपथ त्यांनी घातली, पन मोडायची अक्कल मला नव्हती.

मी त्या बाईला इचारलं, "माझ्यामुळं झालं का?" ती म्हनली, "आधीच बिघडलेलं होतं. यानं किती वाढलं ते सांगता येणार नाही." मी म्हनले, "अंदाज सांगा." न्हाई म्हनली. तिनं व्हय म्हनलं असतं तरी बरं झालं असतं.

बहात्तरचं मी काढायचं न्हाई म्हनले व्हते, पन आता काढते. मी तुमाला म्हनले व्हते, "आमच्या हंड्याला बूड हाय, तुमचा दुष्काळ त्यात मावायचा न्हाई." भात वाढता वाढता म्हनले, तुमच्या लेकरांच्या ताटावर. ल्हानग्यानं हातातला घास ताटात ठेवला, ते मी बघितलं व्हतं. बघून बी दुसऱ्या खोलीत गेले. कनगीत तवा भात व्हतं. थोडं न्हाई, पावसाळ्यापोतर पुरंल एवढं व्हतं. हे मी कुनाला सांगितलेलं न्हाई.

ह्यांना पाल्याचं सांगितलेलं न्हाई. डॉक्टरीनबाई म्हनली तुमीच सांगा, तुमचं मानूस हाय. मी तोंड उघडलं तर हे म्हनाले, "घरी गेल्यावर रंभाच्या पाल्याची भाजी कर गं, हितलं खानं म्हंजे कागद." मी मान हालवली. काय करू? घरी आनल्यावर रोज नवा बहाना सांगते. आज बकरी शिरली, आज पालाच कवळा हाय, आज कीड पडली. हे म्हनत्यात, "तुला रंभाचं काय पटतच न्हाई."

दोन वळी तरी लिवा. शिव्या द्या.

कृष्णाबाई


भरे
१४ जुलै १९८४, शनिवार

वन्सं,

हे पत्र सगळं वाचा. मधी टाकू नका. तार करनार व्हते, पौडच्या पोस्टात जाऊन उभी बी ऱ्हायले, पन तारेत हे मावत न्हाई. आनि तुमी नुसती तार बघून धावत यावं आनि हितं आल्यावर कळावं, असं मला नको. कळून या. न्हाईतर येऊ नका.

ह्यांना सोमवारी परत पौडला नेलं व्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता पथ्य न्हाई. मागतील ते द्या. मी म्हनले, "म्हंजे बरे झाले व्हय?" म्हनले तरी मला ठावं व्हतं. जावयानं रिक्षा आनली व्हती, जया हाताला धरून बसली व्हती. लेक घरी येऊन ऱ्हायलीया. तिला बी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत न्हाई. सैपाक करती, बापाचे पाय दाबती, माझ्याशी बोलत न्हाई.

घरी आल्या आल्या मी म्हनले, "काय करू खायाला? काय बी सांगा. सागुतीला मटन आनू? मीठ घालून करते."

म्हनाले, "रंभाच्या पाल्याची भाजी."

मी परड्यात गेले. पाऊस कोसळतोय आठ दिस. झाडं बघितली, चारी काळी पडून आडवी झाली व्हती. वढलं तर मुळासकट हातात आली, मुळं शेवाळावानी मऊ. उतारावर लावून बी कुजली. ज्या पाल्याला मी दोन महिने न्हाई न्हाई म्हनत व्हते, तो द्यायची परवानगी आली तवा पाला न्हाई. मी तितंच पावसात बसले. जया दारातनं बघत व्हती.

आत आले तर म्हनाले, "आनला?"

आता इथनं पुढचं नीट वाचा.

तुमी उत्तर देत न्हाई हे त्यांना ठावं न्हाई. ते रोज इचारत्यात, रंभाचं पत्र आलं का. मी मार्चपास्नं वाचून दावतीया. तुमचं जुनं कार्ड हातात धरते, तेच, शेळीचं, आनि मनानं वाचते. तुमच्याकडं ज्वारी बरी झाली. धाकट्याचं लगीन ठरलं. भाऊ, जिवाला जप. असलं. ते डोळे मिटून ऐकत्यात. एकदा म्हनाले, "रंभा लईच शानी झाली, आदी एवढं गोड बोलत नव्हती." मी म्हनले, "वय झालं तिचं."

तर त्या दिवशी माझ्या तोंडात आलं, "झाडं कुजली. पन वन्संचं पत्र आलंय."

"वाच."

मी कार्ड घेतलं. वाचलं, "भाऊ, मी येत्या गुरवारी येते. येताना ताजा पाला घेऊन येते. माझ्या हातानं करून घालते."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हनाले, "परत वाच." परत वाचलं. "गुरवारच म्हनली?" म्हनले, व्हय. "बहात्तरनंतर आलीच न्हाई की गं ती." म्हनले, "आता येत्यात." जया चुलीपुढनं उठून बाहेर गेली.

वन्सं, हे मी काय केलं ते मला कळतंय. एक शेळी खोटी सांगितली तर हे एवढं झालं, आनि मी पुन्यांदा तेच केलं. पन तवा त्यांच्या तोंडाकडं बघून दुसरं काय बोलायचं ते तुमीच सांगा.

आज शनिवार. पत्र मंगळवारी पोचलं तर तुमच्या हातात एक दिस ऱ्हातो. बुधवारी पोचलं तर रातच्या गाडीनं निघावं लागंल. गुरवारी पोचलं तर मग काय न्हाई. म्हनून एक पत्र टपालात टाकते आनि हेच पुन्यांदा लिहून भिकूच्या ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर ठेवायला जावयाला पाठवते. कुनाच्या हातनं का व्हईना.

स्वारगेटावरनं पौडची गाडी धरा. पिरंगुटच्या पुढं भऱ्याच्या फाट्याला उतरा. तितनं चिखल हाय, जावई फाट्यावर उभा ऱ्हाईल, सकाळपास्नं सांजेपोतर. तुमी त्याला बघितलेला न्हाई, उंच हाय, डोस्क्यावर पोतं घेऊन असंल.

पाल्याचं तुमचं तुमी ठरवा. आना न्हाईतर मोकळ्या हातानं या. डॉक्टर द्या म्हनलेत, पन मला त्या पाल्याला पुन्यांदा हात लावता येत न्हाई. तुमी सैपाक करा, मी बाहेर बसते. माझ्याशी बोलू नका. माझ्या हातचं पानी पिऊ नका. त्यांना सगळं सांगायचं असंल तर सांगा, माझ्यासमोर सांगा, मी न्हाई म्हननार न्हाई.

आज सकाळी त्यांनी न्हाव्याला बोलवायला लावलं. दाढी वाढलीया, रंभा वळखायची न्हाई म्हनाले. मान धरता येत न्हाई, म्हनून जयानं मागनं डोकं धरलं आनि न्हाव्यानं दाढी केली. झाल्यावर गालावरनं हात फिरवून मला म्हनाले, "गुरवारपोतर वाढंल का गं पुन्यांदा?"

मी म्हनले, "वाढली तर परत करू."

कृष्णाबाई